पहिला धडा, मुक्काम उधना

सुरतेला लोक खायला जातात, साड्या घ्यायला जातात, नाहीतर पोट भरायला जातात. मी संगणक शिकवायला गेले. नाशिकच्या एका कॉलेजात तीस वर्षं मी हा विषय शिकवला आणि गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. निवृत्त मास्तरणीला कोणी ‘शिकवायला या’ म्हटलं की ती आधी बॅग भरते आणि कुठं जायचं ते नंतर विचारते. परत येऊन पंधरा दिवस झाले. शेजारणी विचारतात, काय केलंत हो सुरतेत? मी तिथल्या मिठाईचा, घारीचा, डबा पुढं करते आणि विषय बदलते. पण मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहून टाकते.

बोलावणं वैशालीचं होतं. ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता सुरतेच्या डिंडोलीत सासरी असते. सासर मूळचं अमळनेरकडचं. तिचे सासरे काशिनाथ आबा उधन्यातल्या एका कापड कारखान्यात जन्मभर एकच काम करत आले: पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. ही कार्डं मागाच्या डोक्यावर फिरतात आणि कोणता धागा वर उचलायचा, कोणता खाली ठेवायचा, ते मागाला सांगतात. त्यातून कापडात मोर, कोयऱ्या, हत्ती उमटतात. अशा मागाला तिथं सगळे जेकार्ड म्हणतात. आता शेठनी पुठ्ठ्याशिवाय चालणारं जेकार्ड आणलं होतं. नक्षी कॉम्प्युटरवर काढायची, पेन ड्राइव्हमध्ये घालून मशीनला लावायची, की झालं.

“मॅडम, शनिवारी आबांची परीक्षा आहे,” वैशाली फोनवर म्हणाली. “शेठ म्हणालेत, कॉम्प्युटरवर एक डिझाइन करून दाखवा, कापड बरोबर निघालं तर डिझाइनच्या खोलीत बसा. नाहीतर गेटवर वॉचमन. पगार तोच देतो म्हणतात, पण मॅडम, ज्या कारागिरांना आबांनी काम शिकवलं, त्यांच्यासाठी आबांनी गेट उघडायचं? दोन दिवस झाले, धड जेवले नाहीत. मी शिकवायला गेले की म्हणतात, तू जा, पोरं बघ. तुमचं ऐकतील.”

माझं ऐकतील! एवढं ऐकल्यावर मी घरी थांबणं शक्य नव्हतं. शिवाय माझा एक स्वार्थ होता. संगणकाच्या प्रत्येक पुस्तकात पहिला धडा इतिहासाचा असतो आणि त्या धड्यात भोकं पाडलेल्या कार्डाचं एक धुरकट चित्र असतं. तीस वर्षं मी त्या चित्रावर बोट ठेवून ‘हा संगणकाचा पूर्वज’ असं सांगत आले, परीक्षेत चार मार्कांना विचारत आले. प्रत्यक्षात ते कार्ड मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

बुधवार, डिंडोली

प्रवासाबद्दल एवढंच सांगते की सापुताऱ्याच्या घाटात मला मळमळलं आणि सुरतेच्या अलीकडं, कडोदऱ्याला, मी चुकून उतरले. कंडक्टर ‘सुरत, सुरत’ ओरडला, तो खाली उभ्या असलेल्या प्रवाशांना बोलावत होता. मी मात्र रुबाबात बॅग घेऊन उतरले. हायवेवर ट्रकांचा धूर खात अर्धा तास उभी राहिले, मग रिक्षावाल्याशी गुजराथीत भांडायला लागले, तर तो म्हणाला, “मावशी, मराठीत बोला ना, मी नंदुरबारचा.”

डिंडोलीत तर परदेशी आल्यासारखं काही वाटेचना. ओट्यावर बायका अहिराणीत बोलत होत्या, दुकानाची पाटी गुजराथी, आतला दुकानदार हिंदीत भाव सांगणारा. वैशालीची दोन्ही मुलं आपसात गुजराथी, आजीशी अहिराणी आणि माझ्याशी, मी मॅडम म्हणून, छापील मराठी बोलली. तीन भाषा अशा सहज बदलणारी ती पोरं पाहून मला माझ्या इंग्रजीतल्या डिग्र्यांचा अभिमान जरा आवरता घ्यावा लागला.

“या, बठा, पहिले जेवी ल्या,” वैशालीच्या सासूबाईंनी हात धरून पाटावर बसवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर मिरचीचा ठेचा. सुरतेत सगळं गोड असतं असं ऐकून मी सोबत लोणच्याची बरणी आणली होती. ती बॅगेतून काढायची हिंमत झाली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ‘छान झालंय’ म्हणत होते.

आबा कामावरून आले. उंच, वाळके, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नमस्कार करून कोपऱ्यात बसले. मी लगेच लॅपटॉप उघडला. माझी जुनी स्लाइड लावली आणि सुरू झाले: पूर्वी फ्रान्समधल्या एका विणकराने भोकांच्या कार्डांवर चालणारा माग केला, ते पाहून इंग्लंडमधल्या एका गणितज्ञाला वाटलं, कार्डावर फुलं विणता येतात तर आकडेमोड का नाही? त्याने मशीन आखलं, ते काही त्याच्या आयुष्यात पुरं झालं नाही. पुढे अमेरिकेत माणसं मोजायला कार्डं वापरली. मग काचेच्या नळ्यांनी भरलेल्या खोल्या आल्या, मग नखाएवढे तुकडे आले, आणि आता सगळं खिशात.

आबांनी मान डोलवत ऐकलं. शेवटी म्हणाले, “मंग तो गणितवाला कारखान्यात जायचा का बघायला?”

“असेल गेला.”

“गेला असेल तर बरं,” म्हणाले, आणि हात धुवायला उठले. मला वाटलं, साधा माणूस आहे, हळूहळू कळेल.

गुरुवार, उधना

आबांनी शेठची परवानगी काढून मला कारखाना दाखवायला नेलं. आत पाऊल टाकलं आणि माझे कान गेले. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज ही माझी जन्मभराची कमाई. इथं मी जीव तोडून ओरडले तर शेजारच्यालाही ऐकू येईना. कारागीर मात्र निवांत गप्पा मारत होते. एक जण लांबून दोन बोटं ओठांना लावतो, दुसरा मान हलवतो, चहा ठरला. धागा तुटला, बॉबिन संपली, साहेब येतोय, प्रत्येकाला खूण. माझ्याकडं पाहून एकाने डोक्यावर बोट गोल फिरवलं. आबा हसले. त्याचा अर्थ त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितला नाही. एका मुकादमाने माझा पदर कमरेत खोचायला लावला, पदर मशीनला फार आवडतो म्हणे.

आणि मग मी वर पाहिलं. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याची कार्डं, एकाला एक दोऱ्याने शिवलेली, माळेसारखी लोंबत होती. एकेक कार्ड पुढं सरकायचं, सुयांच्या रांगेला टेकायचं, खट्, आणि दुसरं पुढं. हेच ते हो, माझ्या धुरकट चित्रातलं! मी तिथंच उभी राहून रडले. खरंच सांगते, नाक फुरफुरेपर्यंत रडले. आवाजामुळे कोणाला कळलं नाही हे बरं झालं.

आबांनी कार्ड पंचिंगच्या खोलीत नेलं. तिथं दार लावलं की बोलता यायचं. त्यांनी एक कार्ड हातात दिलं आणि खांद्यावरचा रुमाल पसरून शिकवायला लागले. मी शिकवायला आले होते, हे आम्ही दोघंही तेवढ्यापुरतं विसरलो.

“होल असलं की सुई आत जाते, तिचा धागा वर उचलला जातो. होल नसलं की सुई अडते, धागा खाली राहतो. बस. दोनच गोष्टी. वर नाहीतर खाली. तिसरं काही नाही.”

शून्य आणि एक! हे समजावायला मी तीन तास घ्यायचे, फळ्यावर दिव्याचं बटण काढायचे, तरी अर्धा वर्ग झोपायचा.

“एक कार्ड म्हणजे आडवा एक धागा. असली चारशे कार्डं झाली की एक कोयरी. पहिल्या कार्डाला शेवटचं कार्ड शिवून टाकायचं, मग माळ फिरत राहते आणि कोयरीमागं कोयरी निघत राहते. माग तोच, माणूस तोच. माळ बदलली की कोयरीचा हत्ती.”

यंत्र तेच ठेवून नुसत्या सूचना बदलायच्या म्हणजे काम बदलतं, ही संगणकातली सगळ्यात मोठी गोष्ट. माझ्या पुस्तकात ती सातव्या धड्यात येते, तोवर मुलं कंटाळून गेलेली असतात. आबांना ती पुठ्ठ्यात शिवता येत होती. पोटमाळ्यावर जुन्या नक्ष्यांच्या माळा दोरीने बांधून ठेवल्या होत्या, वर खडूने नावं. उंदरांनी एका मोराची शेपटी कुरतडली होती. आबा म्हणाले, ती शेपटी त्यांना तोंडपाठ आहे, परत पाडता येईल.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी मला गाडीवरचा लोचो खायला घातला. खमणाचं पीठ फसलं की जे होईल ते, वर तेल, कांदा आणि शेव. आमच्याकडं असं काही फसलं तर सुनेला ऐकून घ्यावं लागतं. सुरतेत त्याची गाडी लागते. मी दोन प्लेट खाल्ल्या. मग नदीकाठच्या बाजूला पोंक मिळतो म्हणून आबा तिकडं घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण आपण हुरडा शेतात बसून, हाताला चटके घेत, तोंड काळं करून खातो. इथं तो निवडून, पाखडून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर पिशवीत मिळतो. सोय आहे, पण त्यात मजा नाही, असं मी म्हटलं. आबा म्हणाले, “गावाकडं शेत राहिलं नाही मॅडम, पिशवीच बरी.”

शुक्रवार, पुन्हा डिंडोली

आता खरा अभ्यास. शेठनी डिझाइन स्वतः निवडलं होतं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, वऱ्हाडी मंडळींच्या गळ्यात घालायचे दुपट्टे: दोन्ही टोकांना हत्ती, मधे जरीत गुजराथी अक्षरं, ‘शुभ विवाह’.

आबांनी माउस असा धरला की मला त्याची दया आली. पंचिंगच्या मशीनवर अंगठ्याने जोर लावायची सवय. एक क्लिक केलं की टेबल हलायचं. डबल क्लिकला तर सासूबाई आतून विचारायच्या, काय पडलं? पण चौकोन भरायला सुरुवात केली आणि माझं काम संपलं. पडद्यावर रेघारेघांचा कागद, त्यात एकेक चौकोन काळा करायचा. असल्या ग्राफवर त्यांचं आयुष्य गेलेलं. दुपारपर्यंत हत्ती उभा राहिला, सोंडेच्या वळणासकट. मी ‘छान, छान’ म्हणत चहा पीत होते आणि सगळं श्रेय मनातल्या मनात स्वतःकडं घेत होते.

अक्षरं झाली तेव्हा आबा थांबले. चष्मा काढून पुसला.

“मॅडम, एक विचारू? आमच्यात कापड मागावर पालथं विणतात. चांगली बाजू खाली. जरीचे मोकळे धागे वर राहतात, ते नंतर कापतात. मंग मी काय करतो, ग्राफ उजवीकडून डावीकडं वाचून होल पाडतो. इथं पण चित्र उलटं करायचं ना?”

हा प्रश्न मला कळला नव्हता, हे आज कबूल करते. कापड पालथं म्हणजे काय, डावं-उजवं का बदलतं, काही डोळ्यांसमोर आलं नाही. अशा वेळी माणसाने काय म्हणायचं असतं? मी काय म्हणाले?

“छे हो आबा! हाच तर कॉम्प्युटरचा फायदा. जे पडद्यावर दिसतं, तेच बाहेर येतं. उलटंपालटं ते मशीन आपापलं बघून घेतं.”

“नक्की?”

“तीस वर्षं शिकवतेय मी.”

आबांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर शंका होती, ती मी पाहिली. पण मी पाहुणी, शिकलेली, त्यांच्या सुनेची मॅडम. “तुम्ही म्हणता तसं,” म्हणाले आणि फाइल पेन ड्राइव्हमध्ये घातली. त्या रात्री ते पोटभर जेवले. वैशालीने मला खुणेने दाखवलं आणि मला धन्य वाटलं.

शनिवार, उधना

नवं मशीन काचेच्या वेगळ्या खोलीत होतं. शेठ पांढऱ्या सफारीत, मुकादम, चार-पाच कारागीर, मी, आणि मागे आबा, धुतलेला सदरा घालून. पेन ड्राइव्ह लावला. मशीन सुरू झालं. कार्डं नाहीत, खट् नाही, नुसती घरघर. वितावितीने कापड पुढं सरकू लागलं. जरीच्या गर्दीतून हत्तीची पाठ आली, सोंड आली. मग अक्षरं. ‘शुभ’. मग ‘विवाह’. मला गुजराथी जेमतेम येतं, तरी स्पष्ट वाचता आलं. मी टाळ्या वाजवल्या! शेठनीही वाजवल्या. “वाह काका, वाह!”

मी अभिमानाने आबांकडं वळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय झालं?”

“वाचता येतंय, मॅडम.”

“मग? बरोबरच आहे ना!”

“मागावर कधी वाचता येत नाही,” ते पुटपुटले. “इतकी वर्षं झाली, मागावर मी कधी एक अक्षर वाचलं नाही. चुकलं.”

तोवर मुकादमाने कापड कापून शेठच्या हातात दिलं. शेठनी ते उलटलं. चांगल्या बाजूला, लखलखीत जरीत, अख्खं लग्न उजवीकडून डावीकडं चाललं होतं. प्रत्येक अक्षर आरशात पाहिल्यासारखं.

“आ शुं छे, काका?” शेठचा आवाज खाली आला. रागावले असते तर बरं झालं असतं. “मारी दीकरीना लगन छे, ने तमे ऊंधां लखी नाख्यां?”

आबांनी हात जोडले. “भूल मारी छे, शेठ.”

मी गप्प होते. किती वेळ, सांगता येत नाही, पण शेठनी कापडाची घडी केली, मुकादमाच्या हातात दिली आणि दाराकडं दोन पावलं टाकली, तेवढा वेळ मी गप्प होते. मनात हिशेब चाललेला: मी उद्या नाशिकला जाणार, इथं मला कोण ओळखतं? आबा तर काही बोलणार नाहीत. ते बोलणारच नाहीत, हे कळलं आणि माझं मलाच किळसवाणं वाटलं.

“शेठ, थांबा.” हिंदी, मराठी, गुजराथी, जे तोंडात येईल ते बोलत सुटले. “चूक त्यांची नाही, माझी आहे. त्यांनी मला काल विचारलं होतं, चित्र उलटं करायचं का म्हणून. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं सांगितलं.”

“तमे तो कॉम्प्युटरनां टीचर छो ने, बेन?”

“आहे. पण तुमचं कापड कसं विणलं जातं ते मला येत नाही. ते यांना येतं. दहा मिनिटं द्या त्यांना.”

शेठनी घड्याळ पाहिलं आणि खुर्चीत बसले. आबा कॉम्प्युटरपुढं बसले, मी शेजारी उभी.

“आरशासारखं काही असंल का ह्यात?” त्यांनी हळूच विचारलं.

असायला हवं होतं. मी एकेक यादी उघडत गेले. तिसऱ्या यादीत दोन त्रिकोण पाठीला पाठ लावून बसलेले दिसले, हीच आरशाची खूण. आबांनी अंगठा दाबला, टेबल हललं, आणि पडद्यावरचं ‘शुभ विवाह’ उलटं झालं.

मशीन पुन्हा सुरू. या वेळी जरीतून जे आलं ते कोणाला वाचता येईना. टाळ्या नाहीत. मला अजूनही ते चुकीचंच दिसत होतं. फक्त आबा दोन्ही हात मागं बांधून निवांत उभे होते. मुकादमाने कापड कापलं. शेठनी ते स्वतः उलटलं, खिडकीच्या उजेडात धरलं, आणि बोटाने एकेक अक्षर चाचपून मोठ्याने वाचलं, जणू लग्न तिथंच लागलं.

“सोमवारथी अहीं बेसजो, काका,” कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “बेन, तमे पण शीखी लो.”

गेटबाहेर आलो तोच वैशालीचा फोन. सकाळपासून तिने चारदा केला होता, आम्ही उचलला नव्हता. आबांनी फोन कानाला लावला, तिचा घाबरा आवाज मलाही ऐकू आला: “आबा, काय झालं? पास झालात का?”

“माले नको इचारू, पोरी,” आबा म्हणाले. “मॅडम पास व्हई गयात.”